सहलीचा सराव

ज्या गोष्टीचा सराव झालेला नाही ती ऐनवेळी फसते, यावर शिट्टीसाहेबांचा गाढ विश्वास होता. त्यांची नोकरीच तशी होती. एका उंच, काचेच्या, आतून कायम थंडगार असलेल्या इमारतीचे ते सुरक्षा अधिकारी. दर काही महिन्यांनी ते गळ्यात शिट्टी अडकवून आगीचा सराव घेत, म्हणून इमारतीनं त्यांना हे नाव दिलं होतं. भोंगा झाला की सगळ्या कचेऱ्यांतल्या लोकांनी हातातलं काम टाकून जिन्यानं, एका रांगेत, न बोलता खाली यायचं, अशी पद्धत. प्रत्यक्षात लोक चहाचे कप घेऊन, गप्पा मारत, जेवण जिरवायला निघाल्यासारखे उतरत. हिशेबखात्यातले दोघं तर जागचे हलतच नसत. "साहेब, आम्ही जळालो असं धरा आणि पुढं चला," असं ते खुर्चीतूनच सांगत. साहेब तसं धरत नसत. ते दारात उभे राहून इतक्या दुखावलेल्या नजरेनं बघत, की शेवटी ते दोघंही कुरकुरत उठत.

मंडळी खाली आवारात जमली की साहेब आढावा घेत. कोण रेंगाळलं, कोण पर्स आणायला परत गेलं, कुणी हळूच लिफ्टचं बटण दाबून पाहिलं, सगळं त्यात यायचं. आढाव्याशिवाय सराव म्हणजे मीठ नसलेलं जेवण, असं त्यांचं मत होतं. लोकांचं मत वेगळं होतं, पण ते कुणी विचारत नसे.

अशा माणसाच्या डोक्यात शहराच्या सहलीचं खूळ शिरलं, तेव्हाच पुढं काय वाढून ठेवलंय हे खरं तर त्यांच्या बायकोच्या लक्षात यायला हवं होतं. पण त्या रक्त तपासण्याच्या लॅबमध्ये काम करत, आणि दिवसभर घाबरलेल्या माणसांच्या दंडात सुई घालणाऱ्या बाईला घरी आल्यावर कशाचंच फारसं काही वाटत नाही.

खूळ शिरलं ते एका कॅलेंडरमुळं. साहेबांची खोली म्हणजे जिन्याखालची तिरप्या छताची जागा. तिथं बसलं की जाणाऱ्या-येणाऱ्यांची पावलं डोक्यावरून जात. समोरच्या भिंतीवर कॅलेंडर, आणि त्यावर एका शहराचं चित्र: रुंद नदी, तिच्यावर दगडी पूल, पलीकडं घड्याळाचा मनोरा, आणि सगळ्यावर कोवळ्या सकाळचा धुरकट उजेड. दुपारी जेवणानंतर इमारत पेंगायला लागली की साहेब त्या चित्राकडं बघत बसत आणि बघता बघता आत शिरत. आपण पुलावरून चाललोय. बायको शेजारी आहे आणि तिला कसलीही घाई नाही. मधला कानातले इअरफोन काढून चक्क काहीतरी बोलतोय. धाकटीनं थोरलीचं बोट धरलंय. आणि थोरली हसतेय. इथवर आलं की डोक्यावरच्या जिन्यावरून कुणीतरी धाडधाड उतरायचं आणि नदीसकट सगळं शहर विरून जायचं.

खरी गोष्ट होती ती थोरलीची. सुट्टी संपली की ती शिकायला परगावी वसतिगृहात जाणार होती. प्रवेश झाल्यापासून ती घरात पाहुण्यासारखी वावरत होती. जेवायला यायची, 'हो', 'नको', 'बघू' एवढं बोलायची आणि खोलीचं दार लावून घ्यायची. साहेबांना मनातून भीती वाटत होती. ती जाणार याची नव्हे, ते तर ठरलेलंच होतं. ती अशी दार लावूनच जाईल याची. त्याआधी एकदा पाचही जणांनी कुठंतरी एकत्र जाऊन यावं, एवढंच त्यांना हवं होतं. आजवर त्यांच्या सगळ्या सुट्ट्या नातेवाइकांकडं गेल्या होत्या, आणि नातेवाइकांच्या घरी माणसं एकत्र असतात असं ज्याला वाटतं त्यानं एकदा तिथं आंघोळीचे नंबर लावून पाहावेत.

सहल रात्रीच्या जेवणावर जाहीर झाली.

"तिथं वायफाय आहे ना?" मधल्यानं विचारलं. तो पंधरा वर्षांचा होता आणि हे त्याचं त्या आठवड्यातलं सर्वांत लांब वाक्य होतं.

"पुलावरून थुंकलं तर खाली पोचायला किती वेळ लागतो?" धाकटीनं विचारलं. ती दुसरीत होती.

"मी नाही येत," थोरली म्हणाली. "त्याच दिवसांत मैत्रिणींचं ठरलंय. तुम्ही चौघं जाऊन या."

साहेबांचा घास तोंडातच राहिला. पण आशा मोठी चिवट असते, त्यांनी तयारी सुरू ठेवली.

तयारी म्हटली की सल्ला आलाच. तळमजल्यावरच्या काकू कित्येक वर्षांत फाटकाबाहेर पडल्या नव्हत्या, त्यामुळं प्रवासातलं त्यांना सगळं ठाऊक होतं. पाणी कुठलं प्यावं, खिडकी कुठल्या बाजूची घ्यावी, चोर कसे ओळखावेत. सल्ल्याच्या शेवटी त्या डोळ्यांना पदर लावत आणि थोरली जिन्यात उभी असली तरी तिच्यासमोरच म्हणत, "न्या हो पोरीला. ही शेवटचीच सहल म्हणायची तुमची. एकदा का पाखरू उडालं की मग कसलं काय." हा शब्द हळूहळू घरातही शिरला. "शेवटचं एकदा चल गं," असं बायको म्हणायला लागल्या, आणि साहेबही म्हणायला लागले. थोरली दार आणखी जरा जोरात लावायला लागली.

समोरच्या घरातले दंतवैद्य मात्र खरेच जग फिरलेले. पण त्यांना बोलायची सवय होती ती समोरच्याच्या तोंडात अवजारं असतानाच. साहेबांची दाढ भरता भरता ते म्हणाले, "शहर पायी बघायचं. आ करा. काही ठरवून जायचं नाही. आणखी आ. रस्ता चुकल्याशिवाय शहर कळत नसतं." याला साहेबांचा मुळापासून विरोध होता, पण तोंडात कापूस असताना माणूस कसला विरोध नोंदवणार. तो विरोध गालाबरोबर संध्याकाळपर्यंत सुजत राहिला.

रजेचं वेगळंच त्रांगडं. आस्थापना विभागातल्या बाईंनी अर्ज वाचला, उलटा करून पाठची कोरी बाजूही वाचली आणि विचारलं, "तुम्ही नसताना आग लागली तर?"

"लागणार नाही."

"तसं लिहून द्या."

साहेबांनी सहीनिशी लिहून दिलं. आग ऐकत असती तर आपली नोकरीच नसती, हे त्यांना बाहेर आल्यावर सुचलं.

मग साहेबांनी तो निर्णय घेतला. इतकी माणसं, इतकं सामान, अनोळखी शहर; हे सरावाशिवाय करायचं म्हणजे हात दाखवून अवलक्षण. येत्या रविवारी स्टेशनवर पूर्ण सामानासह गाडीत चढण्या-उतरण्याचा सराव होईल, असं त्यांनी घरात सांगितलं. बायकोनं एकदा त्यांच्याकडं पाहिलं आणि भाजी चिरायला घेतली. मधल्यानं इअरफोन आणखी आत ढकलले. आणि अनपेक्षितपणे थोरलीच्या खोलीचं दार उघडलं.

"सरावाला येते मी," ती म्हणाली. "सहलीला नाही. फक्त सरावाला."

बुडत्याला काडीचा आधार. साहेबांनी मनात हिशेब मांडला की सराव झकास झाला तर पोरीचं मन वळेल. त्या रात्री त्यांना फार दिवसांनी शांत झोप लागली.

रविवारी सकाळी पहिली अडचण आली ती सामानाची. इस्त्री केलेले कपडे नाटकासाठी बॅगेत कोंबायला बायकोनं साफ नकार दिला. रिकाम्या बॅगा घेऊन केलेला सराव साहेबांना मान्य नव्हता, वजन खरं पाहिजे. म्हणून घरातल्या जड वस्तू गोळा झाल्या. एका बॅगेत दगडी खलबत्ता आणि इस्त्री, दुसऱ्या बॅगेत मधल्याची डंबेलं, उशी गुंडाळून. तिसरीत साहेबांनी कचेरीतून आणलेले 'आग लागल्यास काय करावे' या पत्रकाचे गठ्ठे. धाकटीच्या पाठीवर तिच्या हट्टाखातर खरा खाऊ होता. निघताना काकूंनी खिडकीतून हात हलवला आणि डोळेही पुसले. हा सराव आहे हे त्यांना सांगूनही उपयोग झाला नाही.

गाडी साहेबांनी विचार करून निवडली होती. एक लांब पल्ल्याची गाडी त्यांच्या स्टेशनवर इंजिन बदलायला बराच वेळ थांबायची. पुढं ती मध्ये कुठंच थांबत नसे, त्यामुळं तिला गर्दीही नसायची. चौकशीच्या खिडकीवर त्यांनी दोनदा खात्री करून घेतली होती. त्या आठवड्यापासून इंजिन बदलणं बंद झालं होतं, ही बातमी मात्र चौकशीच्या खिडकीपर्यंत अजून पोचायची होती.

पहिल्यांदा चढताना मधल्याची बॅग दारात अडकली आणि बायको तिच्यापाठोपाठ. उतरून पुन्हा चढले, तेव्हा धाकटी भलत्याच डब्यात गेली आणि एका अनोळखी म्हाताऱ्याच्या शेजारी जाऊन ऐटीत बसली. तिसऱ्या खेपेला मात्र चमत्कार झाला. आधी बायको, मग धाकटी, मग बॅगा हातोहात, मग मधला, मग थोरली, शेवटी साहेब. कुणी अडखळलं नाही, कुणी परत फिरलं नाही, कुणी लिफ्टचं बटण शोधलं नाही. पाचही जण आपापल्या जागी बसले होते. आयुष्यभर साहेब असा एक सराव बघायला तरसले होते, आणि तो त्यांच्या पोटच्या पोरांनी करून दाखवला. त्यांचा ऊर भरून आला.

आता खरं तर खाली उतरायचं होतं. पण सराव झाला की आढावा, हा वीस-बावीस वर्षांचा शिरस्ता. साहेब दोन बाकांच्या मध्ये उभे राहिले, घसा साफ केला आणि म्हणाले, "मंडळी, पहिल्या दोन प्रयत्नांतून आपण काय शिकलो?"

ते दारातल्या अडथळ्यांवर बोलले. बॅगेचा पट्टा खांद्याच्या कुठल्या बाजूला असावा यावर बोलले. शिस्त आणि माया यांचा संबंध काय, या मुद्द्यावर ते येत होते, तेवढ्यात धाकटी म्हणाली, "बाबा, फलाट चाललाय."

फलाट खरंच चालला होता. चहाची गाडी, पाण्याचा नळ, वजनाचं यंत्र, सगळं मागं मागं गेलं आणि संपलं.

"साखळी ओढू का?" मधला उठला. त्याच्या डोळ्यांत कित्येक महिन्यांत न दिसलेलं तेज होतं.

साखळीखाली लिहिलं होतं, धोका असेल तरच ओढावी. साहेबांनी ते वाचलं. धोका होता का? कुणी आजारी नव्हतं, काही जळत नव्हतं, पाचही जण जागच्या जागी सुखरूप होते. उगीच भोंगा वाजवणाऱ्या किती जणांना त्यांनी उभ्या आयुष्यात उभं-आडवं सुनावलं होतं. "बैस खाली," ते म्हणाले, आणि स्वतःही बसले.  बायकोनं धाकटीच्या पिशवीतलं केळं काढलं, सोललं आणि साहेबांच्या हातात दिलं.

थोड्या वेळानं तिकीट तपासनीस आला. साहेबांनी पाच फलाट तिकिटं पुढं केली.

"ही फलाटाची आहेत," तपासनीस म्हणाला.

"हो. आम्ही फलाटावरच होतो."

"आणि आता?"

"आम्ही प्रवास करत नाही आहोत," साहेब शक्य तितक्या ताठ बसून म्हणाले. "सराव करतोय."

तपासनिसानं खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर शेतं पळत होती. "गाडीला तसं कळवलं होतंत का?"

दंड भरावाच लागला. पण पावतीवर विनातिकीट प्रवासाचं कारण लिहायचं होतं, आणि तिथं घोडं अडलं. "झोप लागली लिहू का?" तपासनीस म्हणाला. "बहुतेक सगळ्यांना तीच लागते."

"मी झोपलो नव्हतो. आढावा घेत होतो."

"ते या रकान्यात बसत नाही हो."

"झोपलो होतो आम्ही," बायको म्हणाल्या. "लिहा तुम्ही."

त्यानं लिहिलं. आणि कागदोपत्री एकदा झोपी गेलेल्या त्या कुटुंबाचा पुढचा सगळा दिवस खरंच स्वप्नात गेल्यासारखा गेला.

गाडी कुठंच थांबेना. उन्हाच्या झळांत टेकड्या पाण्यासारख्या हलत होत्या. डब्यात कुणी फारसं नव्हतं, पंखे घुमत होते, आणि करण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. साहेब सवयीनं बाहेर पडायच्या वाटा मोजायला लागले, मग त्यांच्या लक्षात आलं की त्यांपैकी एकाही वाटेनं आत्ता बाहेर पडता येणार नाही. हे कळल्यावर त्यांचे खांदे आपोआप सैल झाले. थोरलीनं खिडकीत डोकं टेकवलं होतं आणि तिच्या मांडीवर धाकटी कधीची पसरली होती.

गाडी थांबली ते शहर चित्रातलं नव्हतं. ज्याला मुद्दाम कुणी भेट देत नाही असं ते एक साधंसुधं शहर होतं. दंतवैद्यसुद्धा तिथं कधी गेले नसतील. मधल्यानं फोनवर शोधलं तर 'पाहण्यासारखी ठिकाणं' यात एकच नाव निघालं: एक तलाव, सध्या कोरडा. परतीची गाडी संध्याकाळी होती. साहेबांनी सर्वांत आधी तिची तिकिटं काढून खिशात ठेवली.

सामान ठेवायच्या खिडकीवर कारकुनानं बॅगांना कुलूप नाही म्हणून मान हलवली. "आत काय आहे?"

साहेब खोटं बोलत नसत. "खलबत्ता, इस्त्री, डंबेलं आणि आग लागल्यास काय करावे याची पत्रकं."

कारकुनानं त्या पाच जणांकडं बराच वेळ पाहिलं. "कुलूप असतं तरी ठेवलं नसतं," तो म्हणाला आणि खिडकी लावून घेतली.

तेव्हा ते सगळं वजन उचलून मंडळी शहर पाहायला निघाली. रविवारची दुपार, रस्ते ओस पडलेले. पहिल्याच वळणावर ते एका गल्लीत शिरले आणि थबकले. गल्लीभर आरशांची दुकानं होती. सुट्टीच्या दिवशी दुकानदारांनी आरसे धुवायला बाहेर काढले होते. भिंतींना, खांबांना, पायऱ्यांना टेकवलेले लहानमोठे आरसे, त्यांवरून ओघळणारं पाणी, आणि तिरप्या काचांत खाली उतरलेलं आभाळ. साहेबांच्या कुटुंबाची एकाएकी शंभर कुटुंबं झाली. धाकटी प्रत्येक धाकटीला हात हलवत पुढं गेली. मधल्यानं कुणी बघत नाही असं समजून दंड फुगवून पाहिला, आणि तो पन्नास ठिकाणी फुगला. बायकोनं एका आरशासमोर उभं राहून केस मागं सारले, आणि मग त्या नुसत्याच बघत राहिल्या, जशी कुणी जुनी ओळखीची बाई भेटावी.

"बाबा, तुम्ही रागावलात की असे दिसता," थोरली म्हणाली.

साहेबांनी पाहिलं. सगळ्या आरशांत एक ताठ, घामेजलेला, काखेत गठ्ठा घेतलेला माणूस उभा होता. "मी रागावलेलो नाही," ते म्हणाले.

"तेच म्हणतेय मी. न रागावताही असेच दिसता."

आणि ती हसली. ते हसू कितीतरी काचांत एकदम उमटलं आणि साहेबांना खरी थोरली कुठली ते क्षणभर कळेना.

गल्लीतून बाहेर पडायची वाट त्यांना सापडली नाही. जी वाट दिसे ती आरशात निघे. शेवटी जिकडून बाहेर पडले ती भलतीच बाजू होती, आणि स्टेशन कुठल्या दिशेला हे पाच जणांनी पाच बोटांनी पाच ठिकाणी दाखवलं. रस्ता चुकला होता. साहेबांनी दंतवैद्यांना मनातल्या मनात एक शिवी दिली, पण तिच्यात जोर नव्हता.

चालत चालत ते एका जुन्या सार्वजनिक बागेत पोचले. झाडं मोठी होती, गवत ओलसर होतं. बसायला काही नव्हतं म्हणून बायकोनं साहेबांना न विचारता पत्रकं पसरली. ब्रेड आणि उकडलेली अंडी फाटकाशी मिळाली. 'धूर झाल्यास वाकून चालावे' या सूचनेवर अंड्यांची टरफलं जमा झाली, आणि साहेबांनी ते पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. मधल्यानं शेंगा आणल्या आणि खलबत्ता काढून त्यात फोडून दाखवल्या. दाण्यांचं पीठ झालं, पण तो इतका खूश होता, की सगळ्यांनी ते पीठ चिमटीनं खाल्लं. त्यानं शाळेतल्या एका सरांची नक्कलही केली. घरात कुणालाच माहीत नव्हतं की त्याला नकला येतात. बायको डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या आणि हसता हसताच आडव्या झाल्या. मग धाकटी झोपली, मग मधला, उशी होतीच.

कुणीतरी जागं राहायला हवं म्हणून साहेब बसून राहिले. सामान आहे, गाडीची वेळ आहे, परकं गाव आहे. पानांतून ऊन डुलत होतं. भिंतीपलीकडं कुठंतरी पोहण्याचा तलाव असावा, मुलांचा कलकलाट पाण्यातून आल्यासारखा येत होता. साहेबांनी गठ्ठ्याला फक्त पाठ टेकवली.

जाग आली तेव्हा उन्हं कलली होती. बायको, मधला, धाकटी अजून गाढ झोपेत. थोरली शेजारी बसून हातानं शेंगा सोलत होती आणि पत्रकावर दाणे जमा करत होती.

"घाबरू नका," ती म्हणाली. "गाडीला वेळ आहे. स्टेशन त्या दुसऱ्या बाजूच्या भिंतीमागंच आहे, मी बघून आले."

साहेब उठून बसले, शर्ट नीट केला. झोपेनं त्यांचा एक गाल सुरकुतला होता.

"बाबा, आज आढावा नाही?"

"कसला आढावा," साहेब म्हणाले. त्यांचा आवाज पडला होता. "गाडी आपल्याला घेऊनच निघाली, गाव भलतंच, रस्ता चुकला, आणि कळस म्हणजे मीच झोपलो. असल्या सरावावर तू सहलीला येशील असं मला वाटत होतं. मूर्ख आहे मी."

थोरलीनं हातातली शेंग सोलून पूर्ण केली.

"मैत्रिणींचं काही ठरलेलं नाहीये," ती म्हणाली. "काकू म्हणायच्या शेवटची सहल. आई म्हणायची शेवटचं एकदा चल. तुम्हीपण. मला शेवटच्या सहलीला यायचं नव्हतं, बाबा. तुम्ही सराव म्हणालात तेव्हा बरं वाटलं. सरावानंतर काहीतरी असतं ना."

साहेबांना एकाच वेळी इतकं वाईट वाटलं आणि इतका आनंद झाला, की त्यांना दोन्ही आवरेना. इतके दिवस ते त्या लावलेल्या दाराबाहेर उभे होते आणि आत पोरही तेवढीच घाबरलेली होती. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. आरशातल्यासारखं आपण आत्ताही रागावलेलेच दिसत असू, असं त्यांना वाटून गेलं. पण ती त्यांच्याकडं बघत नव्हती, दाणे त्यांच्या पुढ्यात सरकवत होती.

"सहल रद्द," शेवटी ते म्हणाले. "अशी तयारी असताना सहल कसली काढायची. नापास आहोत आपण सगळे. सराव पुन्हा घ्यावा लागेल. एकदा नाही, बऱ्याचदा घ्यावा लागेल."

"पुढचा कधी?" थोरलीनं विचारलं. "आधी सांगा. मला वसतिगृहातून सुट्टी मागावी लागेल."

इतक्या वर्षांच्या नोकरीत पुढच्या सरावाची तारीख त्यांना आपणहून कुणी विचारली नव्हती. साहेबांनी खिशातलं पेन काढलं, एक पत्रक उलटं केलं आणि पाठच्या कोऱ्या बाजूवर तारखा मांडायला घेतल्या. थोरली दाणे हातात घेऊन वाट बघत थांबली.